श्वेत बटूंच्या जोड्या, गुरुत्वीय लहरी अन उजेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रब्बीत रात्रीची लाईन असली की आपल्या ग्रुपवर मेसेज वाढतात, हरभऱ्याला पाणी लावून बांधावर बसलेली पोरं वर पाहत बसतात अन मग काहीबाही विचारतात. औंढ्याच्या लायगोच्या (गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या वेधशाळेच्या) बातम्या फिरायला लागल्यापासून तर अर्धे प्रश्न एकाच विषयावरचे. त्यातलेच पुन्हा पुन्हा येणारे इथे एका जागी ठेवले आहेत. प्रश्नांची भाषा ज्याची त्याची तशीच ठेवली, उत्तरं माझी. आधी सोपे आहेत, पुढे पुढे किचकट होत जातात.

१. भाऊ, श्वेत बटू म्हणजे तारा मेलेला असते का जिवंत?

इंधन संपलेला, पण गरम. सूर्यासारखा तारा आयुष्यभर हायड्रोजन जाळतो, शेवटी फुगतो, बाहेरचे थर अवकाशात निघून जातात अन मधला गाभा तेवढा उरतो, तोच श्वेत बटू. आकार साधारण पृथ्वीएवढा अन वस्तुमान सूर्याच्या ०.६ पट वगैरे, म्हणजे त्यातला चमचाभर माल काही टनांचा भरेल. आत नवीन काही जळत नाही, आधीची उष्णता अब्जावधी वर्षं हळूहळू बाहेर पडत राहते. एवढ्या वजनाने तो कोसळत का नाही, तर इलेक्ट्रॉन एका हद्दीपलीकडे दाबून घेत नाहीत म्हणून. पण यालाही मर्यादा आहे, सूर्याच्या १.४ पट. हे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये विशीच्या आत असताना इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर सुरू केलं, नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. एक उलटी गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे प्रश्न १२ मध्ये लागणार आहे: श्वेत बटू जितका जड तितका आकाराने लहान.

२. जोडी तर व्याधाची पण आहे म्हणतात, मग ‘कॉम्पॅक्ट’ जोडी वेगळी काय?

व्याधाजवळ श्वेत बटू आहे हे बरोबर, अमेरिकेतल्या दुर्बिणी बनवणाऱ्या अल्वान क्लार्कने १८६२ मध्ये पहिल्यांदा पाहिला. पण त्या दोघांची एक फेरी ५० वर्षांची. आपण ज्यांच्याबद्दल बोलून राहिलो त्यांची फेरी मिनिटांत होते. झेडटीएफ जे१५३९+५०२७ नावाची जोडी घ्या (नाव लांबलचक आहे, ते आकाशातल्या जागेचे आकडे आहेत, खाली नुसतं जे१५३९ म्हणतो): दोन श्वेत बटू ६.९१ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात. दोघांमधलं अंतर ८० हजार किमीच्या आत, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या पाचव्या हिश्शाएवढं, अख्खी जोडी शनी ग्रहाच्या पोटात मावेल. एकमेकांच्या तुलनेत वेग सेकंदाला हजार किमीच्या वर. अन एचएम कॅन्क्री म्हणून कर्क राशीत एक आहे तिची फेरी तर ३२१ सेकंदांची, आतापर्यंत माहीत असलेल्यांत सगळ्यात लहान. चहा उकळेस्तोवर एक चक्कर पुरी.

३. हे दोघं आधी मोठे तारे होते ना, मग एवढ्या जवळ मावले कसे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण उत्तर अजून पूर्ण सुटलेलं नाही. आधी दोन्ही तारे एकमेकांपासून बरेच लांब होते हे खरंच, कारण फुगलेला तारा सूर्याच्या शंभर पटीपर्यंत मोठा होतो, ८० हजार किमीत तो मावायचा प्रश्नच नाही. होतं असं की एक तारा फुगला की त्याचा बाहेरचा वायू जोडीदारालाही गिळतो, मग एका सामायिक आवरणाच्या आत दोन गाभे फिरत राहतात, वायूला घासून त्यांची फिरण्याची ऊर्जा कमी होते, ते आत सरकतात अन तीच ऊर्जा घेऊन आवरण उडून जातं. सहसा दोन टप्प्यांत जोडी जवळ येते, आधी एकाची पाळी मग दुसऱ्याची. आवरणाचा हा काळ फार थोडा असतो, त्यामुळे तो होताना पाहायला मिळत नाही अन नेमकी किती ऊर्जा कुठे जाते यावर शास्त्रज्ञांची भांडणं चालूच आहेत. म्हणून तर या जोड्या मोजायच्या: किती जोड्या, किती अंतरावर, कोणत्या वजनाच्या उरल्या यावरूनच त्या टप्प्यात काय झालं असेल ते मागे जाऊन काढता येतं.

४. फिरता फिरता लहरी काहून निघतात? अन निघाल्या तर जोडीचं काय बिघडते?

जड वस्तू एकमेकींभोवती फिरल्या की अवकाशाचा ताण ठरावीक तालात बदलत राहतो, तो बदल प्रकाशाच्या वेगाने बाहेर जातो, हे आइनस्टाइनने १९१६ मध्येच मांडलं होतं. एका फेरीत लहरीचे दोन ताल होतात कारण अर्धी फेरी झाली की दोन वस्तूंची मांडणी लहरीच्या दृष्टीने आधीसारखीच असते. म्हणजे ६.९१ मिनिटांच्या फेरीची लहर सुमारे ३.४६ मिनिटांची, वारंवारता ४.८ मिलिहर्ट्झ (सेकंदाला एक ताल म्हणजे १ हर्ट्झ, मिलिहर्ट्झ त्याचा हजारावा भाग). ऊर्जा बाहेर जाते ती कक्षेतूनच, त्यामुळे जोडी जवळ येते, जवळ आली की अजून जोरात फिरते, अजून जास्त लहरी सोडते, म्हणजे सुरुवातीला अगदी हळू अन शेवटी शेवटी भरभर. मध्यम वजनाच्या दोन बटूंची फेरी १ तासाची असेल तर एकत्र यायला साधारण ३ कोटी वर्षं, १० तासांची असेल तर विश्वाच्या आजच्या वयाएवढा वेळ. त्यापेक्षा लांबच्या जोड्यांचं आपल्या हयातीत तर सोडाच, विश्वाच्या आजवरच्या हयातीतही जमलं नसतं.

५. औंढा नागनाथचं लायगो सुरू झालं की आपल्या इथूनच या जोड्यांच्या लहरी पकडणार ना?

नाही. हा प्रश्न वाशिम-रिसोडच्या लोकांकडून सगळ्यात जास्त येतो कारण हिंगोली जिल्हा त्यांना लागूनच आहे, अन उत्साह समजतो, केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली तेव्हा आपणही पेढे वाटायच्या बेतात होतो. पण दोन लांब भुजांच्या टोकांवरच्या आरशांचं अंतर लेझरने मोजून लायगो ज्या लहरी पकडतं त्या साधारण १० हर्ट्झच्या वरच्या. ब्लॅक होल किंवा न्यूट्रॉन तारे अगदी शेवटच्या क्षणांत तेवढ्या जोरात फिरतात, १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली लहर अशीच होती, एका सेकंदापेक्षाही कमी वेळ. श्वेत बटू मात्र पृथ्वीएवढे मोठे, त्यामुळे जड जोडी अगदी चिकटली तरी एक दशांश हर्ट्झच्या आसपासच थांबते, त्याच्या वर जायच्या आधीच दोघं एकमेकांत मिसळून जातात. अन आज माहीत असलेल्या जोड्या तर हजारांश हर्ट्झमध्ये आहेत. मग मशीन अजून चांगलं करून खाली का जाता येत नाही? कारण जमीन स्वतः हलते. लांबचा समुद्र, वारा, रस्त्यावरचे ट्रक, अगदी वरून जाणाऱ्या हवेच्या वस्तुमानाचं गुरुत्वाकर्षणही त्या वारंवारतेत आरशांना ओढतं, अन गुरुत्वाकर्षणाला अडवणारी भिंत कोणी बांधू शकत नाही. ४ किमीच्या भुजाही एवढ्या लांब लहरीसाठी तोकड्या. औंढ्याचा उपयोग वेगळा अन मोठा आहे, लहर आकाशात कुठून आली ते नेमकं सांगायला, पण या पानाच्या विषयासाठी नाही.

६. मग पकडणार कोण?

लिसा. युरोपियन स्पेस एजन्सीची मोहीम, नासा सोबतीला, २५ जानेवारी २०२४ ला पक्की मंजुरी मिळाली, उड्डाण २०३५ मध्ये ठरलं आहे. तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किमी, असा त्रिकोण करून पृथ्वीच्या मागे सुमारे ५ कोटी किमी अंतर ठेवून सूर्याभोवती फिरणार. प्रत्येक यानात सोनं-प्लॅटिनमचे दोन ठोकळे, एकेक साधारण ४.६ सेंमीचा अन २ किलोच्या जवळपास, कशालाही न टेकता तरंगत. यान त्या ठोकळ्यांच्या भोवती स्वतःला सांभाळत राहणार अन लेझरने लांबच्या यानातल्या ठोकळ्यापर्यंतचं अंतर मोजणार. २५ लाख किमीमध्ये फरक पडेल तो मीटरच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी. ऐकून हसू येतं पण ठोकळे तरंगवायचं काम आधीच करून दाखवलं आहे, डिसेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या लिसा पाथफाइंडरने अपेक्षेपेक्षा चांगलं केलं. चीनचाही तियानचिन नावाचा असाच प्रकल्प आहे, त्यांनी तर डिझाइन करतानाच एचएम कॅन्क्री ही जोडी समोर ठेवली.

७. लिसा अजून गेलंच नाही, लहर कोणी पकडलीच नाही, तर या जोड्या लहरी सोडतात हे कशावरून म्हणता?

रास्त शंका. उत्तर घड्याळात आहे. मिथुन राशीत एसडीएसएस जे०६५१+२८४४ ही १२.७५ मिनिटांची जोडी २०११ मध्ये सापडली, दोघं एकमेकांना झाकतात म्हणजे दर फेरीला ग्रहण होतं. ग्रहणाच्या वेळा एप्रिल २०११ पासून लिहून ठेवल्या अन वर्षभराने पाहिलं तर ग्रहण सुमारे ६ सेकंद लवकर होत होतं. फेरी खरं म्हणजे वर्षाला फक्त ०.३ मिलिसेकंदाने लहान होते, एवढुसा फरक कोणी थेट मोजू शकत नाही, पण तो प्रत्येक फेरीत साचत जातो अन वर्षात ४१ हजार फेऱ्या होतात, म्हणून सेकंदांत दिसतो. अन किती लवकर व्हायला पाहिजे हे आइनस्टाइनच्या समीकरणातून आधीच काढलेलं होतं, ते जुळलं. जे१५३९ मध्ये तर हे अजून ठसठशीत आहे: पहिल्या वर्षात ग्रहण साधारण २८ सेकंद पुढे सरकतं, अन साचणं वर्षांच्या वर्गाने वाढत असल्यामुळे १० वर्षांत तोच फरक सुमारे ४७ मिनिटांचा. पुरावा अप्रत्यक्षच आहे, मान्य, पण १९७४ मध्ये सापडलेल्या हल्स-टेलर पल्सारच्या (ठरावीक तालात रेडिओ ठोके देणारा, जोडीत फिरणारा न्यूट्रॉन तारा) बाबतीतही असाच होता अन त्यावर १९९३ चं नोबेल मिळालं.

८. नुसत्या उजेडातून एवढं सगळं कसं काय कळते? दुर्बिणीत तर एकच टिपका दिसत असेल.

एकच टिपका दिसतो, दोन वेगळे तारे कोणत्याच दुर्बिणीत दिसत नाहीत. जे काही आहे ते त्या टिपक्याच्या कमी-जास्त होण्यात अन त्याच्या वर्णपटात (उजेड रंगांत फोडल्यावर मिळणारा पट्टा). ग्रहणाचा आकार पाहिला की दोघांच्या त्रिज्यांचं प्रमाण मिळतं, जे१५३९ मध्ये ५० हजार अंशांच्या आसपास तापलेला जड बटू त्याच्यापेक्षा हलक्या पण आकाराने मोठ्या जोडीदाराच्या मागे जातो तेव्हा उजेड जवळजवळ बंद होतो, अर्ध्या मिनिटासाठी. गरम बटूसमोरची जोडीदाराची बाजू तापून जास्त चमकते, ती बाजू आपल्याकडे आली की फेरीत एकदा उजेड वाढतो. जोडीदाराच्या ओढीने तारा लांबट झाला असेल तर फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. वर्णपटातल्या रेषा निळीकडे-लालीकडे सरकतात त्यावरून वेग, वेगावरून वस्तुमान. युरोपच्या गाया यानाने २०१३ च्या उड्डाणापासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ताऱ्यांची अंतरं मोजली, जवळच्या जोड्यांना त्याचा फार उपयोग.

शोधायचं काम मात्र वेगळ्या दुर्बिणी करतात. कॅलिफोर्नियातल्या पालोमारवरची झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी (झेडटीएफ) २०१८ पासून आकाशाचे मोठमोठे तुकडे पुन्हा पुन्हा टिपते, दुर्बिणीचं तोंड फक्त १.२ मीटरचं. त्या ढिगातून काही मिनिटांच्या तालात लुकलुकणारे टिपके कॉम्प्युटर वेगळे काढतो, जे१५३९ असाच २०१९ मध्ये जाहीर झाला. मग मोठ्या दुर्बिणी त्याच्यावर रोखायच्या. पण कॅमेरा झटपट पाहिजे: मोठ्या दुर्बिणीवर ५ मिनिटं एक्स्पोजर दिलं अन फेरी ७ मिनिटांची असली तर सगळं एकमेकांत कालवून जातं.

९. उजेडात सगळं कळतेच तर मग लहरीवर एवढा खर्च कशाला?

सगळं कुठे कळतं. आपल्या आकाशगंगेच्या मधल्या भागात एवढी धूळ आहे की पलीकडच्या मंद जोड्या दिसतच नाहीत. लहरीला धुळीचं काही नाही. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा होतो, लहरीची उंची मात्र निम्मीच होते, त्यामुळे लिसाला आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाच्या जोड्याही मिळतील.

पण एकट्या लहरीतही गोम आहे. वारंवारता किती अन ती किती वेगाने वाढते हे दोन्ही मोजता आलं तर दोन वस्तुमानांचं एक ठरावीक मिश्रण निघतं (त्याला चर्प मास म्हणतात), ते अन लहरीची उंची मिळून अंतर निघतं, कुठल्या दुर्बिणीशिवाय. हे ऐकायला भारी आहे पण बहुतेक जोड्यांमध्ये वारंवारता इतकी हळू वाढते की लिसाच्या ठरलेल्या साडेचार वर्षांत ते वाढणं दिसणारच नाही. मग नुसती उंची हातात राहते अन ‘जड पण लांब’ की ‘हलकी पण जवळ’ हे सांगता येत नाही. तिथे उजेडातून मिळालेलं अंतर किंवा वेग लागतो. उलट उजेडाची बाजू अडते तिथे लहर मदत करते: कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे ग्रहण नसेल तर उजेडात नीट ठरत नाही अन कल माहीत नसला की वर्णपटातून काढलेलं वस्तुमानही अर्धवट राहतं, लहरीत मात्र कल थेट दिसतो. माझं तर मत आहे की ‘लहर की उजेड’ असा वाद घालणाऱ्यांना या एका विषयाने गप्प करता येईल.

१०. ज्या जोडीत ग्रहण दिसते तीच लहरीत पण जोरात असणार, बरोबर ना?

बरोबर उलटं. ग्रहण दिसायला कक्षा आपल्याला कडेने दिसावी लागते, अन कडेने पाहिलं तर लहर सगळ्यात कमजोर येते. कक्षा समोरून, म्हणजे थाळीसारखी, दिसत असेल तर त्याच अंतरावरच्या तशाच जोडीच्या लहरीची ताकद आठपट मिळते. म्हणजे उजेडाने सापडलेल्या जोड्यांमध्ये ग्रहणवाल्या जास्त अन लिसाला सोप्या जाणाऱ्या जोड्यांमध्ये समोरून दिसणाऱ्या जास्त, दोन्ही याद्या मुळातच तिरक्या. आकाशगंगेत एकूण किती जोड्या आहेत हे काढताना हा तिरकेपणा सरळ करावा लागतो नाहीतर आकडा गंडतो. तरी जे१५३९ एवढी जोमदार आहे की कडेने असूनही लिसा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच ती दिसेल असा अंदाज आहे. अशा आधीच माहीत असलेल्या जोड्या मशीन बरोबर चालतंय का हे तपासायला वापरणार आहेत.

११. आकाशगंगेत अशा लाखो जोड्या असतील तर सगळ्यांचा एकच कालवा होणार नाही का?

होणारच. आठवडी बाजाराच्या दिवशी गावाच्या वेशीवर उभं राहिलं की एकच गजबज ऐकू येते, जवळ गेल्यावर एखादा मिरचीवाला अन एखादा भांडेवाला वेगळा कळतो, बाकीचे गजबजीतच राहतात, तसंच. साधारण ३ मिलिहर्ट्झच्या खाली इतक्या जोड्या दाटल्या आहेत की एकेक वेगळी काढता येणार नाही, त्यांची मिळून एक पार्श्वभूमी लिसाच्या मोजमापात राहील अन ती दुसऱ्या लहरी शोधणाऱ्यांना त्रासही देईल. त्याच्या वरच्या वारंवारतेत जोड्या विरळ होतात कारण तिथे पोहोचलेल्या भराभर संपतात (प्रश्न ४ पाहा). अंदाज असा की हजारो, कदाचित दहा हजारांच्या वर जोड्या वेगळ्या ओळखता येतील.

दिशा कशी कळणार हे बरेच जण लगेच विचारतात. लिसा सूर्याभोवती वर्षभर फिरते, त्रिकोणाची तोंडं बदलत राहतात, एकाच जोडीची लहर वर्षभरात कमी-जास्त अन थोडी पुढे-मागे होते, त्यावरून जागा निघते.

१२. जोडी जवळ येते म्हणता, पण एका ठिकाणी वाचलं का काही जोड्या लांब जाऊन राहिल्या. खरं काय?

दोन्ही खरं. इथे प्रश्न १ मधली उलटी गोष्ट आठवा. दोघं फार जवळ आले की हलक्या बटूचा माल जड बटूवर सांडायला लागतो. हलका अजून हलका होतो, अन हलका झाला की आकाराने फुगतो. सांडणं शांतपणे चालू राहिलं तर कक्षा मोठी होत जाते अन फेरी लांबते. लहरी जवळ आणतात, सांडणारा माल लांब नेतो, अन एका किमान फेरीनंतर दुसरी बाजू जिंकते. श्यामशबल तारकासमूहातली एएम कॅन्युम व्हेनाटिकोरम ही १७ मिनिटांची जोडी या सांडणाऱ्या कुळाची मूळ प्रतिनिधी, त्यांच्या वर्णपटात हेलियम असतं अन हायड्रोजनचा पत्ता नसतो.

सगळ्यात गमतीची एचएम कॅन्क्री. तिच्यात माल सांडतोच आहे, एक्स-रे येतात, तरी फेरी लहानच होत चालली आहे. अनेक वर्षं यावर डोकेफोड झाली. मग बऱ्याच वर्षांच्या नोंदी जुळवल्यावर दिसलं की लहान होण्याचा वेग मंदावतो आहे, म्हणजे ती वळणाच्या जवळ आली असावी, २०२३ मधल्या हिशोबाने हजारेक वर्षांत फेरी पुन्हा वाढायला लागेल. जे१५३९ मात्र अजून सांडायच्या आधीच्या टप्प्यात आहे, तिला तिथे पोहोचायला साधारण १ लाख ३० हजार वर्षं. तिचा एक बटू एवढा तापलेला कशामुळे हे कोडंच आहे, माल सांडत असता तर एक्स-रे दिसायला पाहिजे होते अन ते दिसत नाहीत.

१३. फेरी कमी होण्याचा आकडा आइनस्टाइनच्या हिशोबाशी थोडा जुळला नाही तर आइनस्टाइन चुकला म्हणायचं का?

एवढी घाई नको. मोजलेल्या आकड्यात लहरींशिवाय बाकीचेही घुसलेले असतात. मोठी बाब भरती-ओहोटीची: जवळ आलेले बटू एकमेकांना ताणतात, स्वतःभोवती फिरायचा वेग कक्षेशी जुळवत राहतात, त्याला लागणारी ऊर्जाही कक्षेतूनच जाते, त्यामुळे फेरी नुसत्या लहरींच्या हिशोबापेक्षा काही टक्के जास्त वेगाने कमी होते. माल सांडत असेल तर प्रश्न १२ प्रमाणे उलटा परिणाम. लांब एखादा तिसरा तारा असेल तर तोही जोडीला पुढे-मागे ओढतो अन ग्रहणाच्या वेळा हलतात. म्हणून शहाणे लोक उलट बाजूने विचार करतात: आइनस्टाइन बरोबर आहे असं धरून उरलेला फरक भरती-ओहोटीचा माना अन त्यावरून श्वेत बटूचं पोट आतून कसं आहे ते काढा. त्यासाठी वस्तुमानं मात्र आधी वेगळ्या मार्गाने पक्की पाहिजेत.

१४. दोन्ही एकत्र आले की स्फोट होणार का? आपल्याला काही धोका?

प्रत्येक वेळी स्फोट होत नाही. हलका हेलियम बटू असलेल्या जोड्यांच्या वस्तुमानांची बेरीज सहसा सूर्याच्या १.४ पटीच्या खाली राहते, त्या मिसळून हेलियमने भरलेला एखादा विचित्र तारा होतो किंवा माल सांडत वर्षानुवर्षं टिकतात. बेरीज १.४ च्या वर असली तर टाइप १ए सुपरनोव्हाची, म्हणजे अख्खा श्वेत बटू उडवणाऱ्या स्फोटाची, शक्यता धरतात, १५७२ मध्ये टायको ब्राहेने पाहिलेला तो याच प्रकारचा. हे स्फोट जोड्यांमधून किती अन कसे होतात, १.४ च्या आतही पृष्ठभागावरच्या हेलियमने ठिणगी पडून होतात का, हा आजचा मोठा वाद आहे. जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर २०२५ मध्ये सुमारे १६० प्रकाशवर्षांवर अशी जड जोडी जाहीर झाली, बेरीज १.५६, फेरी १४ तासांच्या थोडी वर. स्फोट होईल पण सुमारे २३ अब्ज वर्षांनी. त्याआधी आपला सूर्यच श्वेत बटू होऊन बसलेला असेल, त्यामुळे निवांत झोपा.

१५. उजेड यायला ८ हजार वर्षं लागतात तर जे१५३९ आता उरली तरी असेल का?

आहे. प्रश्न १२ मधला आकडा लाखाच्या वरचा, ८ हजार वर्षांत तिथे फार काही बदललेलं नसणार. अन लहरीही उजेडाच्याच वेगाने येतात, त्यामुळे दोन्हींत एकाच वेळची जोडी दिसते.

१६. आमच्या वावरातून यातलं काही दिसेल का?

डोळ्यांनी नाही, खोटी आशा देत नाही. पण दुर्बीण असेल तर थोडंफार जमतं. आधी एखादा श्वेत बटू पाहून घ्या: ४० एरिडानी, मृगाच्या पश्चिमेला, १६ प्रकाशवर्षांवर, त्यातला बी हा ९.५ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) श्वेत बटू लहान दुर्बिणीतही सापडतो, डिसेंबर-जानेवारीत रात्री उंच असतो.

जोड्यांपैकी एएम कॅन्युम व्हेनाटिकोरम १४ व्या प्रतीची. ८ इंची दुर्बीण अन कॅमेरा असेल तर फोटोत टिपका येईल, मार्च ते मे ती आपल्या इथे रात्री चांगली वर येते. उजेडातला फरक मात्र प्रतीच्या काही शतांशांचा, तो पकडायला नवशिक्याला अवघड. त्यापेक्षा भूतप तारकासमूहातली सीआर बूटिस घ्या, तिची फेरी साडेचोवीस मिनिटांची अन ती अधूनमधून भडकते, १७ व्या प्रतीच्या आसपासवरून १४ च्याही वर येते, हा फरक साध्या फोटोंतही कळतो. हौशी लोकांचं काम वाया जात नाही: गाया१४एएई नावाच्या जोडीतली ग्रहणं २०१४ मध्ये हौशी निरीक्षकांच्याच जाळ्याने पहिल्यांदा टिपली होती.

अडचण आकाशाची नाही, दिव्यांची. ग्रामपंचायतीने चौकाचौकात हायमास्ट लावले तेव्हापासून गावातून पाहण्यात अर्थ उरला नाही, वावरात जा, मेळघाटाकडे कोणी पाहुणा असेल तर अजून उत्तम. जून ते ऑक्टोबर विसरा.

१७. लोणारच्या सरोवराचा याच्याशी काही संबंध?

काहीच नाही. लोणार उल्केच्या धडकेने झालं, ते दगडाचं प्रकरण.

१८. पोरगी बारावीत आहे, याच विषयात जायचं म्हणते. काय शिकवायचं?

भौतिकशास्त्र अन गणित घट्ट, बीएस्सी फिजिक्स कुठल्याही बऱ्या कॉलेजात, अमरावती-अकोला-यवतमाळ कुठेही चालेल, मग एमएस्सीसाठी जॅम परीक्षा किंवा सरळ आयसरसारख्या ठिकाणी. पीएचडीसाठी पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, त्यांची जुन्नरजवळ गिरवलीला २ मीटरची दुर्बीणही आहे. पण तोपर्यंत थांबायची गरज नाही, पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकू द्या. झ्विकीचा, गायाचा, नासाच्या टेस यानाचा डेटा सगळ्यांना खुला आहे, लिसाच्या बाजूने तर बनावट डेटा तयार करून ठेवलाय, ‘यातून जोड्या शोधून दाखवा’ असं आव्हान म्हणून, तो कोणीही डाउनलोड करू शकतं. जुना लॅपटॉप अन रात्री बरं चालणारं नेट एवढं पुरतं. घरून नकार असेल तर मला फोन लावून द्या, मी बोलतो तिच्या बाबांशी.

१९. म्हणजे २०३५ पर्यंत नुसतं हातावर हात ठेवून बसायचं?

उलट हीच वर्षं कामाची. ग्रहणाच्या वेळा जितकी जास्त वर्षं लिहिलेल्या असतील तितका फेरी कमी होण्याचा आकडा पक्का होतो (साचण्याचा हिशोब प्रश्न ७ मध्ये), अन मधली काही वर्षं कोणी पाहिलंच नाही तर किती फेऱ्या झाल्या याचाच घोळ होऊ शकतो, एक फेरी इकडे की तिकडे. लिसा लहर मोजेल तेव्हा तिच्या आधीची पंधरा-वीस वर्षं उजेडातूनच मिळणार आहेत, ती नंतर कोणालाही भरून काढता येत नाहीत. चिलीतली रुबिन वेधशाळा २०२५ मध्ये सुरू झाली, दक्षिण आकाशातल्या नवीन जोड्या तिच्याकडून अपेक्षित आहेत, पण जे१५३९ एवढ्या उत्तरेचं आकाश तिला नीट मिळत नाही. ते आपल्याकडून मिळतं, लडाखमधल्या हानलेची २ मीटरची अन उत्तराखंडातल्या देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण तिथे पोहोचते. सीआर बूटिससारख्या जोड्यांच्या भडकण्याच्या नोंदी तर वावरातूनही ठेवता येतात, वेळ मोबाईलच्या घड्याळाने लिहिली तरी चालते पण फोटोच्या फाईलमधली तारीख-वेळ बदलू नका, अन जी नोंद पाठवाल तिच्यात भारतीय वेळ की जागतिक वेळ ते लिहाच.